कॅल्शियमची बाटली जरा बाजूला ठेवा: कोंबडीच्या पिल्लांच्या पायांबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि बघते तर निम्म्याहून जास्त पत्रं पायांचीच. कुणाचं पिल्लू पाय फाकून बसलंय, कुणाचं बोटं मुडपून चालतंय, कुणाचं लंगडतंय, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं: "ताई, कॅल्शियम चालू केलंय पण काही फरक नाही." अहो फरक पडणार कसा, पिल्लाचा पाय बिघडायची कितीतरी कारणं असतात आणि त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच कॅल्शियम लागतं, बाकीच्यांना एकतर उपयोग शून्य नाहीतर उलट नुकसान. म्हणून दुकानात जायच्या आधी पिल्लू हातात घ्या, उजेडात धरा, आणि पाय नेमका कुठून बिघडलाय ते बघा. मांडीतून, सांध्यातून की बोटातून. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

प्रश्न: ताई नमस्कार, मी संगमेश्वरजवळ राहतो. थर्माकोलच्या खोक्याचं इनक्युबेटर घरीच बनवलंय. ३० अंड्यांतून २२ पिल्लं निघाली पण तिघांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेत, पोटावर बेडकासारखी सरपटतात. खाली पेपर घातलाय. आज दुसरा दिवस, शेजारी म्हणतात टाकून दे, जगणार नाहीत. काय करू?

दादा, टाकू नका! तुम्हाला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, पण इतरांसाठी इथे सविस्तर लिहिते कारण हीच तक्रार सगळ्यात जास्त येते आणि हीच सगळ्यात सहज बरी होते, फक्त वेळेत हात लावायला हवा.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "खाली पेपर घातलाय". वर्तमानपत्राचा कागद, त्यातून गुळगुळीत पुरवणी असेल तर विचारूच नका, पिल्लासाठी तो ओल्या फरशीसारखा असतो. नुकतं निघालेलं पिल्लू उभं राहायला बघतं, पाय घसरतो, परत उभं राहतं, परत घसरतो, मांडीचे स्नायू अजून कच्चे असतात ते ताणले जातात आणि एक-दोन दिवसांत पाय फेंगडेच राहतात. इनक्युबेटरच्या आतला ट्रे गुळगुळीत असेल तर तिथूनच सुरुवात होते. टेम्परेचर वरखाली झालं तरी अशी पिल्लं निघतात, त्यामुळे तुमचा थर्मामीटर एकदा दुसऱ्या चांगल्या थर्मामीटरशी ताडून बघा, पंखा असलेल्या मशीनला साधारण ३७.५ अंश लागतं. पण आधी पेपर काढा. जुना टॉवेल, घट्ट विणीचं तागाचं गोणपाट, रबरी मॅट, काहीही चालेल ज्यात नख रुततं. प्लॅस्टिकची गोणी नको, ती पण घसरते आणि तिचे धागे सुटतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता पाय बांधायचे. साधी बँड-एड घ्या आणि लांबीत मधोमध कापा म्हणजे दोन अरुंद पट्ट्या मिळतील. एका पट्टीची मधली कापसाची गादी दोन पायांच्या मधे येईल अशी धरा आणि दोन्ही टोकं एकेका पायाला, पंजाच्या वर आणि सांध्याच्या खाली, गुंडाळून स्वतःवरच चिकटवा. दोन पायांमधे साधारण अडीच सेंटिमीटर अंतर ठेवायचं, म्हणजे पाय बरोबर कमरेच्या खाली येतात. जास्त जवळ बांधले तर पिल्लू उभंच राहू शकत नाही, जास्त लांब ठेवले तर बांधून उपयोग नाही. एकट्याने जमत नाही हे काम, एकाने पिल्लू रुमालात धरायचं आणि दुसऱ्याने पट्टी लावायची. सेलोटेप वापरू नका, काचतो.

बांधल्यावर पहिला तासभर पिल्लू पुढे नाकावर पडेल, चिवचिवाट करेल, तुम्हाला वाटेल आपण छळतोय याला. धीर धरा. घरात छोटा चहाचा कप असेल तर त्यात मऊ फडकं घालून पिल्लू त्यात वीस-पंचवीस मिनिटं बसवा, कपाच्या कडांमुळे पाय आपोआप पोटाखाली राहतात आणि ते शांत होतं, दिवसातून तीन-चार वेळा असं करा. माझ्याकडे एक फिकट पिवळं पिल्लू होतं ते कपात बसल्या बसल्या मान कडेवर टाकून झोपायचं आणि उठलं की आधी पाण्याकडे बघायचं. पाण्याच्या भांड्यात मात्र खडे टाका, पाय बांधलेलं पिल्लू इंचभर पाण्यातही बुडतं. रोज पट्टी बघायची, पंजा सुजलेला किंवा गार लागला तर ताबडतोब सोडून सैल बांधा. पिल्लं झपाट्याने वाढतात, काल सैल असलेली पट्टी आज घट्ट होते. बहुतेक पिल्लं तीन-चार दिवसांत नीट चालतात. पण हे सगळं पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं तर. आठवडा उलटून गेल्यावर बांधलंत तर मी तुम्हाला खात्री देऊ शकत नाही.

प्रश्न: आमच्याकडे गिरिराज जातीची ४० पिल्लं आहेत, दोन आठवड्यांची. त्यातली ५-६ पिल्लं बोटं आत वळवून, मूठ आवळल्यासारखी करून, गुडघ्यांवर बसून चालतात. खातात व्यवस्थित. खायला मक्याचा भरडा आणि तांदळाची कणी देतो. कॅल्शियम आठ दिवस दिलं. (जुन्नर)

मूठ आवळल्यासारखी, हे तुम्ही फार छान लिहिलंत, कारण त्या एका शब्दावरून ओळखता येतं. हे जीवनसत्त्व बी२ म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडल्याचं लक्षण आहे. पायाची मुख्य नस (मज्जातंतू) त्याने सुजते, पाय लुळा पडायला लागतो, बोटं आत वळतात. साधारण दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसायला लागतं, दोन्ही पायांना होतं, आणि भूक शाबूत असते म्हणून आपल्याला वाटतं पिल्लू चांगलं आहे. फक्त मका आणि कणीवर वाढलेल्या पिल्लांमधे हे होणारच, दोन्हींत बी२ अगदी थोडं असतं. पिल्लाच्या किलोभर खाद्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या वर बी२ लागतं.

(जाता जाता, आपण कोंबडीचा गुडघा म्हणतो ना तो खरं तर घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. पण सगळे गुडघा म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते.)

आता उपाय. पशुखाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच व्हिटॅमिनच्या बाटल्यांवर ए, डी३, ई आणि बी१२ असतं, बी२ नसतंच! लोक महिनाभर ते देतात आणि म्हणतात व्हिटॅमिन देऊन पण काही झालं नाही. लेबल वाचा, त्यावर रायबोफ्लेविन किंवा बी२ लिहिलेलं हवं. तसं नाही मिळालं तर मेडिकलमधली माणसांची बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूल, जिच्यात बी२ १० मिलिग्रॅम आहे अशी, एक कॅप्सूल फोडून लिटरभर पाण्यात घाला. एवढ्याशा पिल्लाला औषध म्हणून दिवसाला शंभर मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते पाणी दिवसभरात २०-३० मिलिलिटर प्यायलं तरी त्याहून जास्तच पोटात जातं. जे पिल्लू उठून पाण्यापर्यंत जात नाही त्याला ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब द्या, तोंडात पिचकारी मारू नका, श्वासनलिकेत जातं. बी२ उजेडाने नासतं म्हणून ते पाणी उन्हात ठेवायचं नाही आणि रोज नवीन करायचं.

बरोबर खाणं बदला. चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांसाठीचं तयार खाद्य आणा, निदान पहिले सहा-आठ आठवडे तरी. परवडत नसेल तर भरड्यात उकडलेलं अंडं कुस्करून, थोडं दही, शेवग्याचा किंवा लसूणघासाचा कोवळा पाला बारीक चिरून. आमच्याकडे वाळवीचं वारूळ फोडून आणून पिल्लांपुढे टाकायचे, ती पद्धत उगीच नव्हती. ज्यांची बोटं परवा-तेरवा वळली ती दोन-चार दिवसांत सुधारतील. ज्यांना आठ-दहा दिवस झालेत त्यांची नस कायमची खराब झालेली असू शकते, त्यात ते कॅल्शियमचे आठ दिवस वाया गेले याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पिल्लू अंड्यातून निघतानाच एखादं-दुसरं बोट वाकडं असेल आणि बाकी ते तुरुतुरु पळत असेल तर तो बी२ चा प्रकार नाही, अंड्यात बसण्यामुळे किंवा इनक्युबेटरच्या गडबडीमुळे तसं होतं. त्याला बूट करायचा. औषधाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा पंजाएवढा कापायचा, त्यावर तीन बोटं पुढे आणि एक मागे अशी सरळ पसरायची आणि पेपर टेपने वरून चिकटवायची. पहिल्या दिवशी केलं तर एक-दोन दिवसांत बोट सरळ होतं. बोट वाकडंच राहिलं तरी काही बिघडत नाही, कोंबडी जन्मभर त्यावर चालते.

प्रश्न: पिल्लांच्या बोटांना शेणाचे गोळे झालेत, दगडासारखे कडक. ओढून काढला तर रक्त आलं.

ओढू नका हो! गोळ्याबरोबर नख उपटून येतं. कोमट पाण्यात पाय पाचेक मिनिटं बुडवून ठेवा, अंगठ्याने हळूहळू चोळा, परत बुडवा, कडेकडेने सुटत जातो. राहिलाच थोडा तर खोबरेल तेल लावून दुसऱ्या दिवशी. नंतर पिल्लू टॉवेलने कोरडं करून बल्बखाली ठेवायचं, ओलं पिल्लू गारठून मरतं. रक्त आलं असेल तर हळद दाबून लावा आणि ते थांबेपर्यंत पिल्लू वेगळं ठेवा, लाल दिसलं की बाकीची पिल्लं तिथेच टोचतात. गोळे होतात म्हणजे खालचं तूस ओलं आहे, पाण्याचं भांडं गळतंय का बघा, भांडं विटेवर उंच ठेवा आणि त्याच्या भोवतीचं तूस रोज बदला.

प्रश्न: मी तळेगावला फ्लॅटमधे राहते. मुलीच्या हट्टापायी सहा गावरान पिल्लं आणली, काचेच्या बंद गॅलरीत ठेवलीत, ऊन भरपूर येतं. दुकानदाराने लेअर फीड दिलं, म्हणाला यात कॅल्शियम जास्त आहे, हाडं मजबूत होतील. आता पिल्लं तीन आठवड्यांची आहेत आणि चालायला कुरकुरतात, बसूनच असतात. असं कसं झालं?

ताई, तुम्ही मनापासून केलंत, पण दोन गोष्टी उलट्या झाल्यात. एक तर लेअर फीड अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी असतं, त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं कारण तिला रोज टरफल बनवायचं असतं. पिल्लाला लागतं साधारण एक टक्का. उरलेलं बाहेर टाकता टाकता त्याची मूत्रपिंडं खराब होतात, शिवाय जास्तीचं कॅल्शियम मँगनीजसारखे इतर क्षार अंगी लागू देत नाही आणि फॉस्फरसचं गणित बिघडवतं, म्हणजे हाडांसाठी दिलं आणि हाडांनाच बाधलं. आजच बंद करा, चिक स्टार्टर आणा. लेअर फीड अंडी सुरू व्हायच्या सुमाराला, साधारण अठराव्या आठवड्यापासून.

दुसरं ऊन. काचेतून येणारं ऊन गरम लागतं पण ज्या किरणांमुळे अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होतं ते किरण काच अडवते. डी३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातच नाही. एक छोटी परीक्षा करा, पिल्लाची चोच दोन बोटांत धरून अगदी हलकेच दाबा. निरोगी पिल्लाची चोच नखासारखी टणक लागते, मुडदूस (हाडं मऊ पडण्याचा आजार) झालेल्या पिल्लाची खोडरबरासारखी लवते. लवत असेल तर पिल्लांना खिडकी उघडून किंवा गच्चीवर नेऊन थेट उन्हात सोडा, सकाळी अर्धा तास, अर्धी जागा सावलीची ठेवून, आणि कावळ्यांकडे लक्ष ठेवून! डी३ चे थेंब किती द्यायचे ते मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच, डी३ जास्त झालं तर तेही बाधतं. वेळेत लक्ष दिलं तर हाडं परत घट्ट होतात, फार वाकलेली असतील तर तेवढा बाक राहतो.

प्रश्न: पाच दिवसांचं पिल्लू, काल चांगलं होतं, आज एक पाय बाजूला फिरलाय, सरळच होत नाही, गुडघा सुजलाय आणि सारखं ओरडतंय. आमचे आजोबा म्हणतात शीर सरकली. (वाळवा)

आजोबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बरोबर ओळखलं. त्या गुडघ्याच्या सांध्याच्या मागे एक खोबण असते आणि पोटरीची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) त्यातून खाली जाते. ती खोबणीतून निसटून बाजूला गेली की पाय वळतो आणि सरळ होत नाही. आधी चांगल्या पायावर बोट फिरवा, सांध्याच्या मागे मधोमध दोरीसारखी शीर लागेल. मग दुखऱ्या पायावर फिरवा, मागची बाजू सपाट लागेल आणि दोरी कडेला सापडेल.

पाय मागच्या दिशेने हळूच लांब करायचा म्हणजे शीर सैल पडते, मग अंगठ्याने ती कडेवरून खोबणीत सरकवायची, बसली की पाय एकदम मोकळा वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत नाही बसली तर थांबा, जोर लावू नका. बसली तर सांध्याला पेपर टेपची हलकी पट्टी बांधून पिल्लू दोन दिवस छोट्या जागेत ठेवा. खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती परत निसटते. मी आजवर जेवढी पिल्लं धरली त्यात पहिल्याच दिवशी बसवलेली काही टिकली, दोन-तीन दिवस उलटलेली जवळपास नाहीच. शक्य असेल तर सरळ डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या खेपेला असं होऊ नये म्हणून खाण्यात मँगनीज हवं, आणि मक्यात ते फार कमी असतं. तांदळाचा किंवा गव्हाचा कोंडा मिसळा, त्यात चांगलं असतं. आणि हे फक्त पिल्लाचं नाही, आई कोंबडीला मिळालं नसेल तर अंड्यातच कमी उतरतं, म्हणून पुढच्या वेळी ज्या कोंबड्यांची अंडी बसवणार त्यांच्याही खाण्यात आधीपासून कोंडा आणि क्षारमिश्रण असू द्या. ब्रॉयलरची पिल्लं घरी वाढवणाऱ्यांना तर जास्तच सांगते, त्यांचं वजन इतकं भराभर वाढतं की पायांना झेपत नाही, त्यांना घरच्या कोंबडीसारखं वर्षानुवर्षं जगवायचं असेल तर खाणं मोजून द्यावं लागतं.

प्रश्न: दोन महिन्यांच्या तलंगीचा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबडीचा) एक पाय पुढे आणि एक मागे पडलाय, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स दोन्ही झालं. आता दुसरीलाही तसंच. (सत्तरी, गोवा)

एक पाय पुढे, एक मागे, वय दोन महिने आणि एकीनंतर दुसरी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिली शंका मॅरेक्स रोगाची. हा विषाणू नसांवर जातो, १९०७ मधे हंगेरीच्या योझेफ मॅरेक नावाच्या पशुवैद्याने पहिल्यांदा याचं वर्णन केलं म्हणून ते नाव. यावर औषध नाही हे मी लपवत नाही. लस आहे पण ती पहिल्या दिवशी, हॅचरीतच मानेच्या कातडीखाली देतात, घरी खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांना ती मिळत नाही. आजारी पाखरं वेगळी करा, खुराड्यातली धूळ आणि पिसं काढून टाका कारण विषाणू त्या धुळीत महिनोन् महिने टिकतो, आणि पुढची पिल्लं त्याच खुराड्यात मोठ्यांबरोबर ठेवू नका. माणसाला हा रोग होत नाही.

पण पाय लुळे पडण्याबरोबर मान पिरगळणं, हिरवट पातळ विष्ठा, घरघर असं असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते. तिची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, ती चुकवू नका. आणि एकदम बरीच पाखरं मरायला लागली तर मेलेल्याला हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ या टोल फ्री नंबरवरही सांगता येतं.

प्रश्न: माझ्या पिल्लाच्या पायाच्या बोटाला धागा गुंडाळला होता. आईने कापला पण बोट काळं झालंय. ते एका पायाने लंगडतं. बाकीची त्याला टोचतात. ते जगेल का? मी सहावीत आहे. (कणकवली)

बाळा, जगेल. काळं झालेलं बोट काही दिवसांनी आपोआप वाळून पडेल, ते ओढायचं नाही. रोज सकाळी आईला घेऊन बघायचं, बोटाच्या वरचा भाग लाल, गरम किंवा सुजलेला वाटला तर डॉक्टरांकडे न्यायचं. धागा कुठून आला ते शोध, बहुतेक प्लॅस्टिकच्या गोणीचा किंवा सुंभाचा असेल, आपल्या डोक्याचा लांब केसही पुरतो. बाकी पिल्लांचे पाय पण आज एकेक करून तपास.

टोचतात म्हणून त्याला वेगळ्या खोलीत एकटं ठेवू नको, एकटं पिल्लू रडून रडून खाणं सोडतं. त्याच जागेत मधे जाळी लाव म्हणजे त्याला बाकीची दिसतील. जमलं तर सगळ्यात गरीब स्वभावाचं एक पिल्लू त्याच्याबरोबर ठेव. खाणं आणि पाणी त्याच्या चांगल्या पायाच्या बाजूला, चोचीच्या उंचीवर, म्हणजे वळायला लागणार नाही. आणि मला परत पत्र लिही, त्याचं नाव काय ठेवलंस ते लिहायचं राहिलंय.